सोलापूरची संक्रांत आणि पाठीवरच्या तीन लेन्स

पहिला दिवस

सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापुरात शिरली तेव्हा कॅमेऱ्याची बॅग मांडीवरच होती. रात्रभर उशाशी घेऊन झोपले होते. आत कॅनन ६डी आणि तीन लेन्स: १७-४० एफ/४, ५० एफ/१.८ आणि ७०-२०० एफ/४. सगळं मिळून सव्वादोन किलोच्या आसपास, ट्रायपॉड वेगळा.

६डी हा २०१२ साली आलेला फुलफ्रेम कॅमेरा. मी दीड वर्षापूर्वी तो सेकंडहँड घेतला. त्याआधी सहा वर्षं ६००डी वापरला. त्याचा सेन्सर छोटा, ज्याला क्रॉप म्हणतात, २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, याचा जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४. क्षेत्रफळात अडीचपटीहून जास्त फरक. घेताना एवढंच माहीत होतं. या फरकाचं नेमकं काय होतं, हे कल्याणच्या घरात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात कळत नव्हतं. म्हणून यंदा संक्रांतीची सुट्टी जोडून मावशीकडे आले.

स्टेशनवर मावसभावाची मुलगी घ्यायला आली होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा जुना ६००डी तिच्याकडेच दिलाय, १८-५५ आणि ५५-२५० या दोन्ही लेन्ससकट. त्या ईएफ-एस जातीच्या, फुलफ्रेम बॉडीला बसतच नाहीत. तिच्याही गळ्यात कॅमेरा होता. स्कूटरवर माझा ट्रायपॉड पायाशी आडवा ठेवत म्हणाली, "आत्या, उद्यापासून सिद्धेश्वर यात्रेमुळं माग बंद राहतील. आज दुपारीच जाऊ या. अण्णांना सांगून ठेवलंय मी."

मावशीचं घर पूर्व भागात आहे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. गल्लीत शिरलं की आधी आवाज येतो, मग माग दिसतो. खटक-खटक, खटक-खटक, जोत्याच्या दगडातून तळपायाला जाणवतो. अण्णांची शेड मावशीच्या मागच्या गल्लीत. आठ यंत्रमाग, वर जेकार्ड, त्यातून लोंबणाऱ्या दोऱ्या आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. एकेक पुठ्ठा पुढे सरकतो, भोकांप्रमाणे उभे धागे उचलले जातात आणि चादरीवर मोर उमटत जातो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, ते या पुठ्ठ्यांच्या आणि या कानठळ्यांच्या जोरावर.

आत उजेड म्हणजे चार ट्यूबलाइट आणि एक उंच झरोका. सवयीने शटर १/५०० ला नेलं. आडवा धागा नेणारा धोटा थांबलेला दिसावा म्हणून. स्क्रीनवर पाहिलं तर फोटोचा वरचा भाग उजळ, खालचा पिवळट आणि काळवंडलेला. पुढच्या फोटोत उलटं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर त्याहून वेगाने गेलं की सेन्सरच्या एका भागाला ट्यूबचा भर मिळतो, दुसऱ्याला ओसर. उपाय सोपा आहे: १/१०० किंवा १/५०. ट्यूबचा निदान एक पूर्ण झोका तरी पकडायचा.

मग १/५० धरलं, एफ/४ (हा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं), आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६००. धोट्याची आता रेघ आली, डावीकडून उजवीकडे ओढलेली, आणि त्या रेघेच्या मागे विणकरमामांचा चेहरा स्थिर. मला हाच फोटो जास्त खरा वाटला. सेकंदाला दोनेक फेऱ्या मारणारा धोटा गोठवून दाखवला, तर तो मागावर नुसता ठेवलेला वाटतो.

भाची शेजारून तेच काढत होती. तिच्या १८-५५ ला तेवढ्या प्रकाशात आयएसओ ३२०० लागत होतं आणि मोराची निळाई दाणेदार होत होती. माझ्याकडे ३२०० ला सुताचा पीळ दिसत होता. शिवाय १७ मिमी म्हणजे खरोखर १७. हा आकडा जितका लहान, तितकं चौकटीत जास्त मावतं. हीच लेन्स तिच्या बॉडीवर लावली असती तर २७ मिमीसारखी दिसली असती, आणि दोन मागांमधल्या दीड हाताच्या बोळात उभं राहून जेकार्डपासून पायाखालच्या बीमपर्यंत सगळं एका चौकटीत आलं नसतं. मागे सरकायला जागा नव्हती. पाठीला दुसरा माग.

एकदा धागा तुटला. मामांनी दांडा ओढून माग थांबवला, वाकले, सुटलेलं टोक शोधलं, ओल्या बोटाने दोन टोकं जुळवली आणि अंगठ्याच्या वाढवलेल्या नखावर गाठ घेतली. मोजून तीन सेकंद. तेवढ्यात मी काही करू शकले नाही. "मामा, पुढच्या वेळी तुटला की मला हाक माराल का?" म्हटलं. ते हसले. "तुटतोच की. थांबा जरा."

थांबले. १७-४० काढून ५० लावली, तिथेच उभी राहून. ५० एफ/१.८ ही माझ्याकडची सगळ्यात स्वस्त लेन्स, १६० ग्रॅमची, पण ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. वीसेक मिनिटांनी धागा तुटला. नखाची कड, त्यावरून जाणारं लाल सूत, खाली अर्धवट विणलेल्या मोराची मान. एफ/५.६, १/५०, आयएसओ ३२००. ६डीचे अकरा फोकस बिंदू आहेत. कडेचे बिंदू अशा उजेडात भिरभिरतात, मधला मात्र जवळजवळ अंधारातही पकडतो. मधल्यानेच नख धरलं.

"मामा, हा फोटो मोठा करून देते तुम्हाला."

"माझा नको," ते म्हणाले, "मागाचा द्या."

दुसरा दिवस

भोगी. मावशीने पहाटेच तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी करून ठेवली होती. खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, आणि बरंच केलं, कारण नंतर दुपारी तीनपर्यंत पाण्याशिवाय काही मिळालं नाही.

आज सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह, आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक. नंदीध्वज पेलणारे सगळे पांढऱ्या बाराबंदीत. गर्दीत लेन्स बदलायची नाही हे कालच ठरवलं होतं. १७-४० कॅमेऱ्यावर, ५० खिशात, ७०-२०० घरी.

वाटेवर एका पायरीवर जागा मिळाली. पहिला नंदीध्वज आला तो आधी घोषणेतून: "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" मग गर्दीच्या डोक्यांवरून डुलत येणारी काठी. माणसं कमरेच्या पट्ट्यावर तो भार तोलतात, मान मागे टाकून, नजर वर टोकाकडे. त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसाव्यात आणि ध्वजाचं टोकही दिसावं, असं मला हवं होतं. १७ मिमीला दोन्ही आलं. कॅमेरा वर वाकवला की रेषा आत झुकतात, इमारती पडायला आल्यासारख्या दिसतात. पण इथे ध्वजाला आकाशात जाण्याची ओढ मिळाली. ते मी सरळ करणार नाही.

पांढरे कपडे कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतात, तो त्यांना करडे करून टाकतो. पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवून घेतलं तेव्हा बाराबंदी बाराबंदीसारखी दिसली. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेलं सगळं जसंच्या तसं ठेवून, काढत होते, त्यामुळे घडीतला तपशील परत मिळणार याची खात्री होती.

पुढे एक म्हातारे गृहस्थ दिसले, नातवाला खांद्यावर घेतलेले. दोघांचे हात जोडलेले, दोघांचे डोळे मिटलेले. तेव्हा मात्र खिशात हात घालून, कॅमेरा छातीशी उलटा धरून, लेन्स बदललीच. ५० लावली आणि एफ/१.८ ला काढलं, मागची गर्दी विरघळावी म्हणून. फोटो पांढराफटक. माध्यान्हीच्या उन्हात आयएसओ १०० ला एफ/१.८ साठी १/८००० च्या आसपास शटर लागतं, आणि ६डी १/४००० च्या पुढे जात नाही. ही मर्यादा मी कागदावर वाचली होती. हाताला ती आज कळली. एफ/२.८ ला नेलं, शटर १/३२००. तोवर नातवाने डोळे उघडले होते आणि तो थेट माझ्याकडे पाहत होता. आजोबांचे अजून मिटलेले. हा फोटो मी जपून ठेवणार आहे.

अक्षता पडल्या तेव्हा कॅमेरा खाली ठेवला. माझ्याही मुठीत अक्षता होत्या.

संध्याकाळी सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्याकाठी गेलो. मंदिर पाण्यात, पलीकडे भुईकोट किल्ल्याचे बुरूज, गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेत भरणाऱ्या जत्रेच्या, पाळण्यांचे दिवे नुकतेच लागलेले. ट्रायपॉडवर एफ/१६, दिव्यांना टोकं यावीत म्हणून. मोठं करून पाहिलं आणि पोटात धस्स झालं. आकाशात सात-आठ करडे ठिपके. प्रत्येक फोटोत त्याच जागी.

तिसरा दिवस

संक्रांत. बाहेर फार गेले नाही.

ठिपके कुठून आले हे शोधायला वेळ लागला नाही. मागाच्या शेडमध्ये हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. मामांच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या होतात. आणि मी तिथे, चालू मागाशेजारी, लेन्स काढून कॅमेरा उघडा केला होता. गर्दीतही एकदा उघडला, ते वेगळंच. एफ/४ ला तंतूची सावली पसरट आणि फिकी पडते, दिसत नाही. एफ/१६ ला ती घट्ट होते. म्हणून काल दुपारपर्यंत पत्ता लागला नाही.

दुपारी भाचीने लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राला बोलावलं. तो डबीतून सेन्सर पुसायचा स्वॅब, म्हणजे रुंद चपट्या टोकाची काडी, घेऊन आला. फुलफ्रेमचा स्वॅब २४ मिमी रुंद असतो, क्रॉपचा अरुंद, आणि चुकीचा वापरला तर मध्ये पट्टा राहतो. मावशीच्या न्हाणीघरात बसलो, कारण तिथे नुकतंच गरम पाणी सांडून हवेतली धूळ खाली बसली होती. ही त्याचीच युक्ती. बॅटरी पूर्ण भरलेली लावली, मेनूतून आरसा वर उचलला, आधी ब्लोअरने कॅमेरा पालथा धरून फुंकर, मग द्रवाचे दोन थेंब, डावीकडून उजवीकडे एक ओढ, स्वॅबची दुसरी बाजू उजवीकडून डावीकडे दुसरी ओढ. श्वास रोखून. मग एफ/२२ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो. एकच ठिपका उरला, अगदी कोपऱ्यात. तो राहू दिला. पैसे घेतले नाहीत त्याने, तिळगूळ घेतला.

चौथा दिवस

भावाने गाडी काढली. दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर हत्तरसंग-कुडल, भीमा आणि सीना यांचा संगम. दोन्ही बाजूंना ज्वारी, कणसांत दाणा भरलेली.

इथे येण्याचं माझं कारण एक ओळ होती. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे, मराठीच्या सर्वात जुन्या शिलालेखांपैकी एक. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मी सातवी-आठवीला मराठी शिकवते. या लेखातली ओळ दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि तो दगड कधी पाहिला नव्हता.

पुजाऱ्यांना विचारून ट्रायपॉड लावला. समोरून फोटो काढला तर दगड फक्त करडा, खडबडीत. हजार वर्षांत अक्षरांच्या कडा झिजल्या आहेत. फ्लॅश समोरून मारला असता तर होतं तेही पुसलं गेलं असतं. म्हणून बारका टॉर्च भाचीच्या हातात दिला आणि दगडाला जवळजवळ चिकटवून आडवा उजेड टाकायला सांगितला. ६डीला वायफाय आहे. फोनवर दिसणारं चित्र मी तिच्यापुढे धरलं. ती टॉर्च इंचाइंचाने सरकवत गेली. प्रत्येक खाचेत सावली भरली आणि अक्षरं दगडातून वर आली.

"आत्या, हा 'व' आहे का?"

"वाच पुढे."

ती एकेक अक्षर लावत गेली. काही ठिकाणी मी मदत केली. "वाछि तो विजेया होईवा." जो वाचील तो विजयी होईल. तिने टॉर्च तसाच धरून ठेवला होता, हात थरथरायला लागला तरी खाली घेतला नाही. फोटो काढायला मला एकाएकी जमेना, डोळे भरून आले होते. मग काढला: आयएसओ १००, एफ/८, सहा सेकंद.

तिथलं बहुमुखी शिवलिंग पाहायला हवंच. एका लिंगावर ३५९ छोटी मुखं कोरलेली, रांगेमागून रांग. इथे फुलफ्रेमने अडवलं. लिंग गोल, मुखं वळत मागे जातात, आणि मोठ्या सेन्सरवर तीच चौकट भरली की फोकसमधली खोली कमी पडते. ६००डीवर जे एफ/५.६ ला नीट यायचं, त्यासाठी इथे एफ/९ लागलं, आणि मला आणखी दोन रांगा स्पष्ट हव्या होत्या म्हणून एफ/१३ पर्यंत गेले. शटर तेवढं लांबलं. ट्रायपॉड होता, दगड हलत नव्हता, निभावलं. चालत्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब जमत नाही. फुलफ्रेमची मागची धूसरता सगळे वाखाणतात, मीही वाखाणते, पण मूर्तिकाराचं काम पुढून मागपर्यंत दाखवायचं असतं तेव्हा ती मोडून काढावी लागते.

परतताना गाडीत कोणी फार बोललं नाही.

पाचवा दिवस

पहाटे साडेपाचला नान्नज. बार्शी रस्त्यावर, शहरापासून वीसेक किलोमीटर. १९७९ साली झालेलं माळढोक अभयारण्य. माळढोक आता इतके थोडे उरलेत की मी दिसण्याची आशा धरली नव्हती, आणि दिसलाही नाही. पण ज्या माळावर तो होता तो माळ पाहायचा होता. परवानगी घेऊन, वनरक्षकांबरोबर, चालत.

गवत पोटरीभर, दवाने ओलं, उजेड यायच्या आधी राखाडी आणि मग एका क्षणात सोन्यासारखं. तेवढ्यासाठी १७-४० बाहेर काढली आणि परत ठेवली. मग काळविटांचा कळप दिसला. तीनशे पावलांवर असेल. वनरक्षकांनी हाताने थांबायला सांगितलं. त्यांच्या पुढे जायचं नाही, आणि जायचंही नव्हतं.

२०० मिमीला नर एवढासा दिसत होता. जुन्या कॅमेऱ्यावर माझी ५५-२५० लावली की ती ४०० मिमीसारखी दिसायची. आता माझ्याकडे बरोबर निम्मं. फोटो नंतर कापायचा म्हटलं तरी, २०.२ मेगापिक्सलमधून क्रॉप सेन्सरएवढा तुकडा काढला की आठच्या खाली उरतात. ६००डी तेवढ्याच तुकड्यावर १८ देतो. माळरानावर लांबून पाहायचं असेल तर छोटा सेन्सर खरोखर उपयोगी आहे. फुलफ्रेम घेतल्यावर लांबची मोठी लेन्स घ्यावी लागते, आणि तिची किंमत माझ्या सगळ्या सामानापेक्षा जास्त.

भाचीकडे पाहिलं. ती ५५-२५० ने काढत होती, पण त्या लेन्सचं मोटर हळू, फोकस मागे-पुढे होत होता. मी ७०-२०० काढून तिच्या हातात दिली. ईएफ लेन्स क्रॉपवर बसते, उलटं होत नाही. तिच्या कॅमेऱ्यावर ती ३२० मिमीसारखी झाली, आणि फोकस चटकन धरणारी. माझ्या हातात उरली ५०.

तेवढ्यात कळपामागून एक भोवत्या आला. हिवाळ्यात हे पक्षी या माळावर येतात, गवताला पोट लागेल इतके खाली तरंगत उंदीर-टोळ शोधतात. काळविटाने मान वर केली, शिंगांचे पीळ सूर्यासमोर आले, आणि त्या दोन शिंगांच्या मधून भोवत्या पंख उचलून निघून गेला. शेजारी सलग शटरचा आवाज ऐकू आला. मग थांबला. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली, काही न बोलता. मिळाला होता.

मी ५० ने तिचा फोटो काढला. गवतात गुडघे टेकलेली, केसांवर दव, चेहऱ्यावर ते बघितल्याचं सगळं.

येताना एका शेतात हुरडा खाल्ला, शेंगाचटणीबरोबर, गरम गोवऱ्यांच्या धुरात डोळे चोळत. पोटभर.

संध्याकाळी एका लॅबमध्ये मामांचा फोटो छापायला दिला. १२ बाय १८ इंच. ६डीची फाइल ५४७२ पिक्सल रुंद, म्हणजे त्या आकारात इंचामागे ३०४ ठिपके, काही ताणावं लागत नाही. कागद मॅट घेतला, शेडमधल्या ट्यूबची चमक त्यावर येऊ नये म्हणून. रात्रीची गाडी होती, बॅग भरून झाली होती, तशीच मागच्या गल्लीत गेले.

माग पुन्हा सुरू झाले होते. मामांनी दांडा ओढून थांबवला, हात पायजम्याला पुसले आणि फोटो दोन्ही हातांनी कडेला धरून ट्यूबखाली नेला. अण्णाही आले. नख, लाल सूत, मोराची मान. मामा बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्याला लागेल इतका जवळ नेला. मग मोराच्या मानेखाली, कागदाला न टेकवता, बोट धरलं.

"हितं एक आडवा धागा सुटलाय."

मी तो फोटो चार दिवस पाहत होते. फोनवर, लॅपटॉपवर, पूर्ण मोठा करून. मला दिसला नव्हता. वाकून बघितलं तेव्हा दिसला, केसाएवढी फट.

"चादर गेली का अण्णा ती?" मामांनी विचारलं.

"नाही, घडी करून ठेवलीय."

मामा फोटो अण्णांच्या हातात देऊन आत चादर काढायला गेले.